चोविसावं नाव

धायगुडे बाई हजेरी घ्यायच्या आधी खिडकी लावून घेत. ब्राउनश्वाइगमध्ये वर्षातून जे पंधरा-वीस दिवस खरं ऊन पडतं, त्या दिवसांतसुद्धा. मुलं ओरडायची, फ्राउ धायगुडे, गरम होतंय! बाई शांतपणे खिडकीची मूठ फिरवत, पुस्तक उघडत आणि एकेक नाव घेत. शेवटचं नाव झालं की जाऊन खिडकी पुन्हा सताड उघडत. मला ती त्यांची लकब वाटायची. शाळामास्तरांना असल्या लकबी असतातच, कोणी खडू ओला करून लिहितो, कोणी हातात छडी नसली तरी मूठ तशीच धरतो. मी कधी विचारलं नाही. विचारायच्या गोष्टी न विचारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे पुढे कळेलच.

बाईंच्या वर्गात हजेरीला "हजर" म्हणायचं, असा नियम होता. लुकास, यानिना, एमरे, सगळे "हजर" म्हणत. त्यातला 'र' पार घशातून येई. माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची होती. घरी मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. माझ्या आईनं फोनवर "जेवलीस का गं?" विचारलं की हिचं "या, ओमा!", म्हणजे हो, आजी. तिच्या तोंडून न अडखळता बाहेर पडणारा एकमेव मराठी शब्द म्हणजे हा "हजर". माझी बायको प्राची म्हणायची, "बाईंनी एक तरी शब्द पदरात टाकला."

बाई फलटणकडच्या. सदतिसाव्या वर्षी दुसरेपणावर दिलेल्या. नवरा ब्राउनश्वाइगमध्ये इंजिनियर, चांगला माणूस होता म्हणतात, पण आठ वर्षांत गेला. तोवर बाईंनी भाषा शिकून बालवाडीच्या शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण पुरं केलं होतं, नोकरीही होती. त्या परत गेल्या नाहीत. सुती साडी, पायात लोकरीचे मोजे आणि बूट, वरून नवऱ्याचा करडा ओव्हरकोट, बाह्या दोन-दोन घड्या दुमडलेल्या. अशा वेषात त्या बर्फातून ताडताड चालत. माझी आई दोन उन्हाळे आमच्याकडे येऊन राहिली, तेव्हा रोज संध्याकाळी या दोघी ओकर नदीच्या काठानं फिरायला जायच्या. आई म्हणायची, "बाईंबरोबर चालायचं म्हणजे मला पळावंच लागतं."

बाईंचं आणि आमचं नातं जुळलं ते ईरामुळे. पहिलीच्या वर्षी ती वर्गात तोंडच उघडत नव्हती. वर्षअखेरीला आम्हाला शाळेत बोलावून फार गोड शब्दांत सुचवण्यात आलं, की हिला मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत घातलेलं बरं. प्राची घरी येऊन दोन दिवस रडत होती. मग आम्ही ईराला धायगुडे बाईंकडे नेलं. बाईंनी तिला एक शब्दही विचारला नाही. तिच्यासमोर टोपलीभर मटारच्या शेंगा ठेवल्या आणि स्वतः सोलायला लागल्या. तासाभरानं ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "तुमच्या शेंगेत नऊ आहेत, माझ्यात सात." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही मागे पडलीय? अहो पाटणकर, हिला कोणी पुढे बोलावलंच नाहीये."

त्याच वर्षी बाई आणि काही पालक मिळून शाळा काढायचं ठरवत होते. फ्राउ लिंडेमान नावाच्या एका दंतवैद्य बाई अध्यक्ष झाल्या, मी चिटणीस. भाज्या डब्यात भरायचा एक जुना कारखाना बंद पडला होता, त्याचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. भिंती पिवळ्या, म्हणून पिवळी शाळा. जर्मनीत चार पालकांनी एकत्र येऊन शाळा काढायची म्हटलं तर काढता येते, परवानगी मिळते. पण सरकारी अनुदान लगेच मिळत नाही. आधी तीन वर्षं स्वतःच्या हिमतीवर चालवून दाखवा, मग बघू, असा कारभार. या तीन वर्षांना 'वार्टेफ्रिस्ट' म्हणतात, वाट बघायची मुदत. मी हे समजावून सांगितलं तेव्हा बाई हसत सुटल्या.

"म्हणजे आमच्यासारखंच की! विनाअनुदानित! नऊ वर्षं काढलीत मी तशा शाळेत. आज येतंय, उद्या येतंय. पण इथं बरंय, तीन म्हणजे तीनच असतील."

परवानगीच्या पत्रात आणखी एक अट होती. तीन वर्षं पुरी झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरच्या मध्याला एक दिवस ठरलेला, 'श्टिखटाग'. त्या दिवशी पटावर किमान चोवीस मुलं हवीत. चोवीस असली तर अनुदान सुरू, नसली तर परवानगीचाच फेरविचार. ही ओळ सभेत मोठ्यानं वाचून दाखवली ती मी. चिटणीसच होतो ना.

अनुदानाबद्दल बाईंची स्वतःची वचनं होती. "अनुदान म्हणजे पाहुणा. दारात चप्पल दिसेपर्यंत भात टाकायचा नाही." कोणी उत्साही पालक नव्या संगणकांची गोष्ट काढी, तेव्हा बाई हे वाक्य आपल्या फलटणी जर्मनमध्ये सांगत. जर्मन पालक वहीत लिहून घेत.

दुसऱ्या वर्षी शिक्षण खात्याचा अधिकारी बघायला येणार असं पत्र आलं. झालं! बाईंच्या अंगात तपासणी संचारली. जिना धुतला. मुलांना स्वच्छ कपडे, भांग पाडून यायचं. दारात रांगोळी. टेबलावर गुलाबाचं फूल, श्रीफळ आणि ताटभर बटाटेवडे. फ्राउ लिंडेमान हादरल्या. अधिकारी आला, सायकलवरून. पँटला क्लिपा लावलेल्या. रांगोळी मोडू नये म्हणून त्यानं लांब ढांग टाकली, नारळ हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत ठेवला. मग खिशातून टेप काढून मुलांच्या संडासात गेला आणि हात धुवायचं बेसिन जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. वडे तर सोडाच, कॉफीसुद्धा घेतली नाही. नियमात बसत नाही म्हणाला. तो गेल्यावर आम्ही सगळे हसत होतो, बाई मात्र गंभीर होत्या.

"पाण्याचा घोटसुद्धा न घेता गेला," त्या म्हणाल्या. "म्हणजे माणूस खरा आहे. आता आपल्यालाही खरंच राहायला लागणार."

वडे मुलांनी खाल्ले.

ती तीन वर्षं आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, असं मला आज वाटतं. शनिवारी आम्ही भिंती रंगवायचो, खुर्च्या दुरुस्त करायचो. ईरा तिसरीला पोचेपर्यंत इतकी बोलायला लागली, की प्राची तिला गप्प बस म्हणायची. मुलं हळूहळू वाढत होती, अकरा, सतरा, बावीस. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पट चोवीसवर पोचला. त्या दिवशी बाईंनी शिरा केला. माझ्या पानात वाढताना खाली वाकून म्हणाल्या, "चोवीस झाले हो."

आणि त्याच जूनमध्ये मला पुण्यात नोकरी मिळाली.

मी तिकिटं काढली ऑगस्टच्या मध्याची. तारीख बघताना सप्टेंबरचा तो दिवस माझ्या डोक्यात नव्हता, असं मी तेव्हा प्राचीला सांगितलं. खरं म्हणजे होता. पण पुण्यातला फ्लॅट तयार झाला होता. नव्या घरात यंदा गणपती बसवायचा, आणि गणपती झाले की पितृपक्ष लागतो, पितृपक्षात नव्या घरात राहायला जात नाहीत. त्यामुळे जायचं तर गणपतीच्या आधीच. आईचं मन मोडायचं कसं? हे कारण मी फ्राउ लिंडेमानना सांगितलं. त्यांनी पितरांचा पंधरवडा म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं आणि "धर्माचा प्रश्न आहे, समजू शकते," म्हणाल्या. जर्मन माणसाला धर्माचं कारण दिलं की तो पुढे बोलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बाईंना सांगायला मी सुट्टी लागल्यावर गेलो. जुलैचा शेवट होता. वर्गात त्या एकट्याच पुढच्या वर्षाचं हजेरीपुस्तक आखत बसल्या होत्या. छापील पुस्तक मिळत असूनही त्या पट्टी घेऊन स्वतः रेघा मारत. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेवीस," त्या म्हणाल्या.

मग मी ते बोललो. आजही आठवलं की कानशिलं तापतात. म्हणालो, "बाई, ईराचं नाव लगेच काढायची गरज नाही. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. आजारी आहे म्हणू, भारतात आजीकडे गेलीय म्हणू. कोण बघायला येतंय? तो दिवस होऊन जाऊ दे, मग काढा. आपल्याकडे नाही का करत?"

बाई उठल्या आणि उघडी खिडकी लावून आल्या. हजेरीची वेळ नव्हती, वर्गात मुलं नव्हती.

"करतात ना," त्या म्हणाल्या. "मी केलंय. बसा."

मी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलो.

"आमच्या शाळेत सातवीला कमल म्हणून मुलगी होती. श्रावणात तापानं गेली. तुकडी मंजूर व्हायला पस्तीस मुलं लागत होती, आणि तिला धरून पस्तीस होती. हेडसर म्हणाले, तपासणी होईपर्यंत नाव काढू नका. मी वर्गशिक्षिका. रोज नाव घ्यायची, आणि मागच्या बाकावरची एक पोरगी हजर म्हणायची. तिला तसं सांगून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी कमलची आई शाळेवरून चालली होती. खिडकी उघडी होती. तिनं ऐकलं."

"भांडली?"

"भांडली असती तर सुटले असते मी. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता खिडकीशी येऊन उभी राहिली. गजाला धरून. कमलचं नाव झालं, हजर झालं, की निघून गेली. मग रोजच. चार महिने. मी मान वर करायची नाही. एक दिवस मला उशीर झाला, तर बाहेरून म्हणाली, बाई, आज घेतली नाही का हजेरी?"

बाईंनी बंद खिडकीकडे बघितलं.

"मार्गशीर्षात तपासणी झाली. तुकडी मंजूर. हेडसर म्हणाले, आता काढा नाव. काढलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच. मी चौतीस नावं घेतली आणि पुस्तक मिटलं. ती हलेना. म्हणाली, एक राहिलं, बाई."

बाहेर कारखान्याच्या आवारात कोणीतरी सायकल लावत होतं. बाईंनी पदरानं चष्मा पुसला.

"अनुदान मिळालं हो आम्हाला. नऊ वर्षांनी पहिला पगार झाला. पण मला त्या वर्गात उभं राहवेना. हे स्थळ आलं तेव्हा मी माणूस बघितला नाही, वय बघितलं नाही, गाव लांब आहे एवढंच बघितलं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला एकदा, एकदाच, खऱ्या पटावर अनुदान आलेलं बघायचंय, पाटणकर."

तेव्हा मला म्हणता आलं असतं. 'थांबतो, बाई. महिनाभर थांबतो.' एकट्यानं पुढे जाऊन प्राची आणि ईराला मागे ठेवता आलं असतं. वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हणालो, "तिकिटं झालीत. आईचा गणपती आहे नव्या घरात."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "नव्या घरातला पहिला गणपती," त्या म्हणाल्या. "मोठी गोष्ट आहे." आणि त्यांनी पट्टी ठेवून ईराच्या नावावर सरळ लाल रेघ मारली.

पुढचे तीन आठवडे बाई चोविसावं मूल शोधत गावभर फिरल्या. ओव्हरकोट नव्हता एवढाच फरक. कोणाकोणाच्या घरी गेल्या, खेळाच्या मैदानांवर बाकावर बसून आयांशी बोलल्या. आम्ही खोकी बांधत होतो. आम्हाला निरोप द्यायला त्या स्टेशनवर आल्या त्या हसतच. एका तुर्की भाजीवाल्याच्या धाकट्या मुलीचं नक्की झालं होतं. "मिळालं बघा चोविसावं!" म्हणाल्या. मी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की प्राचीनं वळून बघितलं. ईरा बाईंच्या कमरेला मिठी मारून जर्मनमध्ये काहीबाही सांगत होती, बाई "हो गं, हो," म्हणत तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. गाडी हलली तेव्हा मी फार हलका होतो.

फ्राउ लिंडेमान यांची ई-मेल नवरात्रात आली. भाजीवाल्याचं मन ऐन वेळी बदललं होतं. पुढे राहील की नाही कोणास ठाऊक अशा शाळेत मुलगी कशी घालायची, असं तो म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं. सप्टेंबरच्या त्या ठरल्या दिवशी पट तेवीस भरला. कार्यालयानं ऐकून घेतलं, सहानुभूती दाखवली आणि नाही म्हटलं. वर्ष संपेपर्यंत शाळा चालवायची, मग मुलं इतर शाळांत वाटून द्यायची, असं ठरलं होतं. मला एका शब्दानं दोष दिलेला नव्हता. शेवटी ईराला गोड पापा लिहिला होता.

आई घटाशी बसून माळ ओवत होती. मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"अरे, मग बोलायचंस की मला," ती म्हणाली. "मी तर म्हणणारच होते, गणपती आपल्या जुन्या घरीच बसवू, नव्या घरात घट बसवायला सावकाश या. तूच फोनवर म्हणालास, तिकिटं काढून झाली."

म्हणजे कोणाचंच काही अडलं नव्हतं. नव्या कंपनीत माझ्याबरोबर आणखी एक जण घेतला होता, आणि आधी जो रुजू होईल त्याच्या हातात मोठं काम जाईल अशी कुणकुण मला लागली होती. मला आधी पोचायचं होतं. दोघींना मागे ठेवलं असतं तर महिन्याभरात त्यांना आणायला परत यावं लागलं असतं, तेही मला नको होतं. मी आईला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती थांब म्हणाली असती, आणि मग मला थांबावं लागलं असतं. ते मोठं काम मला मिळालं. दीड वर्षानं ते बंदही पडलं.

त्यानंतर दर वर्षी भाद्रपद मला जड जातो. पितृपक्षात आई आजोबांचं पान वाढते, काकांचं वाढते, कावळा शिवायची वाट बघते. माणसं जातात त्यांचं काय करायचं ते आपल्याला शिकवलेलं आहे. शाळा गेली तर तिचं काय करतात मला माहीत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात, चालू मीटिंगमध्ये, मला ती तेवीस नावं ऐकू येतात. लुकास, यानिना, एमरे, त्याच क्रमानं, बाईंच्या आवाजात. तेवीस होतात आणि मी थांबून राहतो. हे मी प्राचीलाही सांगितलेलं नाही. तीन-चारदा बाईंना पत्र लिहायला बसलो, 'सा. न. वि. वि.'च्या पुढे गेलो नाही.

तीन वर्षांनी कंपनीच्या कामासाठी ब्राउनश्वाइगला चार दिवस जायचं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघालो. बाईंचा जुना पत्ता माझ्याकडे होता, पण तिथवर जायची वेळच आली नाही. त्यांच्या घराजवळच्या सरकारी शाळेपाशी, रस्त्याच्या पलीकडे, त्या उभ्या होत्या. ओव्हरकोट तोच. त्यावर पिवळं चकाकतं जाकीट, हातात गाड्या थांबवायची लाल-पांढरी गोल पाटी. सकाळी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला पेन्शनर माणसं फुकट उभी राहतात तिथं, तसल्या कामावर. मी अलीकडे उभा राहिलो. त्यांनी बघितलं. पाटी उंच करून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि हाक मारली.

"या, पाटणकर, या! पटकन! लोक खोळंबलेत."

मी ओलांडून गेलो. वाकून नमस्कार करायला लागलो तर "रस्त्यात नको," म्हणाल्या. ईरा कितवीत आहे, मराठी बोलते का, आईंचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं. ईरा आता मराठीतच भांडते म्हटल्यावर मनापासून हसल्या. मध्येच मुलं येत होती. "गुटन मॉर्गन, फ्राउ धायगुडे!" त्या पाटी घेऊन उतरत, त्यांना पोचवून परत येत आणि राहिलेलं वाक्य पुरं करत.

तिसऱ्या खेपेला त्या परत आल्या तेव्हा मी म्हणालो, "बाई, आईची काही अडचण नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तुमच्या आईंचा फोन आला होता, तुम्ही मला सांगायला आलात त्याच्या आदल्या दिवशी. त्याच म्हणाल्या, मी घटांना या म्हणणार होते, पण पोराला घाई."

म्हणजे त्यांनी मला कमलची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. लाल रेघ मारली तेव्हा ठाऊक होतं. स्टेशनवर हसत हात हलवला तेव्हाही.

"मग मला एका शब्दानं बोलला का नाहीत?"

बाईंनी पाटी काखेत धरली आणि सुटलेली बाही पुन्हा दुमडून घेतली.

"तुम्ही अजून तीन आठवडे होतात की गावात," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज येऊन सांगाल, थांबतो म्हणून."

तेवढ्यात मुलं आली, आणि बाई पाटी घेऊन रस्त्यात उतरल्या.